डाय-कास्ट विमानांवरील रंगाचे आणि खुणांचे दोष: दुरुस्तीचा क्रम आणि घ्यायची काळजी

डाय-कास्ट विमानाच्या, म्हणजे साच्यात धातू ओतून बनवलेल्या छोट्या मॉडेलच्या, नाकावरचा टवका, पंखाच्या कडेवरचा ओरखडा किंवा शेपटीवर पुसट छापले गेलेले अक्षर दुरुस्त करायला बसलेली मंडळी पुष्कळदा मूळ दोषापेक्षा मोठा दोष करून उठतात. यात हाताच्या कौशल्याचा प्रश्न क्वचितच असतो. बहुतेक वेळा क्रम चुकलेला असतो. बोटांचे तेल न काढताच रंग लावला जातो, रंग जुळला की नाही हे तो ओला असतानाच ठरवले जाते आणि डाग पुसण्यासाठी हाताशी असेल ते थिनर वापरले जाते. मग डागासोबत शेजारच्या खिडक्यांची ओळही पुसली जाते.

पुढील सर्व टप्प्यांमागे दोन नियम आहेत. पहिला, दुरुस्तीचा रंग दोषाच्या सीमेबाहेर जाऊ द्यायचा नाही. दुसरा, जी कृती मागे घेता येते ती आधी करायची आणि जी मागे घेता येत नाही तिच्याकडे इतर सर्व उपाय संपल्यावरच वळायचे.

## टप्पा १: दोष कोणत्या थरात आहे ते ओळखा

या मॉडेलचा मुख्य भाग जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो. त्यावर साधारणपणे प्रायमर (रंग धातूला धरून राहावा म्हणून दिलेला पहिला थर), मग मूळ रंग, त्यावर टॅम्पो पद्धतीने छापलेल्या खुणा आणि काही मॉडेलवर सर्वांत वर पारदर्शक थर असतो. टॅम्पो छपाईत कोरलेल्या पट्टीवरची शाई सिलिकॉनच्या मऊ गादीने उचलून वक्र पृष्ठभागावर दाबली जाते. हा शाईचा थर अतिशय पातळ असतो आणि खालच्या रंगापेक्षा तो द्रावकांना लवकर बळी पडतो. त्याशिवाय अँटेना, चाकांचे पाय, इंजिनांचे पंखे आणि काही मॉडेलांत शेपटीचे आडवे पंखसुद्धा प्लास्टिकचे असतात. धातूवरील रंगाला सोसणारे थिनर या भागांना विरघळवू शकते.

तिरप्या उजेडात आणि भिंगाखाली दोष पाहा. टवक्याच्या तळाशी राखाडी चमक दिसत असेल तर धातू उघडा पडला आहे. निस्तेज पांढरा किंवा राखाडी थर दिसत असेल तर प्रायमर शाबूत आहे. ओरखडा नखाला लागत नसेल तर तो बहुधा वरच्या थरातच आहे आणि केवळ पॉलिशने जाऊ शकतो. दोन रंगांच्या सीमेवर धूसर फवारा पसरला आहे, की रंगाला ओघळ आला आहे, की खूण वाकडी छापली गेली आहे, हे वेगवेगळे दोष आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

रंगाला फुगवटे येऊन त्यांच्या आत बारीक भेगांचे जाळे दिसत असेल, पंख वाकत असेल किंवा धातूचे कण सुटत असतील, तर तो रंगाचा दोष नाही. मिश्रधातूत शिसे, कथील किंवा कॅडमियमची भेसळ राहिली की धातू आतूनच पोखरला जातो. वरून कितीही रंग दिला तरी ही झीज थांबत नाही. असे मॉडेल दुरुस्तीला घेऊ नका. ते कोरड्या जागी ठेवा आणि शक्य तितके कमी हाताळा.

तपासणी: मॉडेल नवे असेल आणि दोष कारखान्यातला असेल, तर काहीही करण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे काढा आणि विक्रेत्याकडे बदली मागा. दुरुस्तीचा हात एकदा लागला की बदलीचा हक्क सांगता येत नाही. जुन्या, दुर्मीळ मॉडेलच्या बाबतीत हातभर अंतरावरून न दिसणारा टवका तसाच ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. संग्राहकांच्या लेखी मूळ रंगातला लहान दोष हा नव्या रंगाच्या ठिपक्यापेक्षा कमी उणा ठरतो.

## टप्पा २: सामान आधी मांडून घ्या

काम सुरू झाल्यावर वस्तू शोधायला उठणे हे डाग पडण्याचे मोठे कारण आहे. पुढील वस्तू टेबलावर असाव्यात:

- अडीच ते पाच पट मोठे दाखवणारे डोक्यावर बसवायचे भिंग
- दिवसाच्या उजेडासारखा पांढरा प्रकाश देणारा दिवा, शक्यतो ५००० ते ६५०० केल्विनचा
- नायट्राइलचे हातमोजे; सुती मोज्यांचे तंतू रंगात अडकतात
- टोक शाबूत असलेला ० किंवा ०० क्रमांकाचा चांगला ब्रश, लाकडी टूथपिक आणि शिवणाची सुई
- घट्ट गुंडाळलेल्या, टोकदार कापूसकाड्या
- कागदी मास्किंग टेप आणि धारदार पाते
- पाण्यात विरघळणारे अ‍ॅक्रिलिक रंग, धातूसाठीचा प्रायमर, मॉडेलसाठीची पाण्याची पुट्टी
- २००० व ३००० क्रमांकाचा वॉटर पेपर, त्याहून बारीक पॉलिशचे कापड आणि मॉडेलसाठीचे बारीक पॉलिश
- तकतकीत, अर्धतकतकीत आणि निस्तेज असे तिन्ही प्रकारचे पाण्याचे क्लिअर (सर्वांत वर द्यायचा पारदर्शक थर)

ब्रशबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. टवका लहान म्हणून सर्वांत बारीक ब्रश घेतला जातो. पण त्याच्या दोन-चार केसांत रंग इतका कमी मावतो की मॉडेलपर्यंत पोहोचेपर्यंत तो टोकावरच वाळतो. रंग टोकाच्या तीक्ष्णपणामुळे नेमका लागतो. पोटात थोडा रंग धरणारा, सुईसारख्या टोकाचा ० क्रमांकाचा ब्रश हा १०/० क्रमांकाच्या ब्रशपेक्षा अधिक कामाचा आहे.

अ‍ॅक्रिलिकचा आग्रह धरण्याचे कारण असे की पाण्याचा अ‍ॅक्रिलिक रंग पूर्ण पक्का होण्यापूर्वी ओलसर कापूसकाडीने पुसता येतो आणि खालचा मूळ रंग तसाच राहतो. लॅकरमध्ये ही सवलत नाही. त्यातले तीव्र द्रावक मूळ रंगाला सुरकुत्या पाडू शकते. इनॅमल रंग अल्किड तेलावर आधारित असतात. उघड्या जस्तावर ते थेट लावले तर कालांतराने त्यांच्या संपर्काच्या थरात साबणासारखी संयुगे तयार होतात आणि रंगाचा पोपडा सुटतो. आज नीट दिसणारी दुरुस्ती काही महिन्यांनी नखाने निघून येते, त्यामागे अनेकदा हेच असते.

## टप्पा ३: स्वच्छता

कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या सौम्य द्रव साबणाचे दोन थेंब टाका, मऊ ब्रश ओला करून पिळून घ्या आणि दोषाचा भाग व त्याभोवतालचे सेंटिमीटरभर क्षेत्र हलके पुसा. मग स्वच्छ, शक्यतो ऊर्ध्वपातित पाण्याने साबण काढा आणि तंतू न सोडणाऱ्या कापडाने टिपून घ्या. मॉडेल पाण्यात बुडवू नका. सांध्यांत आणि चाकांच्या दांड्यांत शिरलेले पाणी बाहेर पडत नाही आणि लोखंडी भागांना गंज चढतो.

उघड्या धातूवरचे तेल काढण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते, पण ते टूथपिकच्या टोकाने फक्त टवक्याच्या आत लावायचे. त्याने संपूर्ण मॉडेल पुसणे म्हणजे छापील खुणा पणाला लावणे आहे, कारण काही टॅम्पो शाया अल्कोहोलने मऊ पडतात. अ‍ॅसिटोन आणि नखपॉलिशचे द्रावण टेबलावरसुद्धा असू नये.

सावधान: कोणतेही द्रव पहिल्यांदा वापरण्यापूर्वी पोटाखालच्या न दिसणाऱ्या जागी चाचणी घ्या. ही चाचणी दोनदा घ्यावी लागते: एकदा मूळ रंगावर आणि एकदा एखाद्या बारीक, बिनमहत्त्वाच्या छापील खुणेवर. रंगाने तग धरला म्हणून छपाईही धरेल असे गृहीत धरणे, ही छापील खुणा गमावण्याची हमखास वाट आहे.

तुटलेला अँटेना चिकटवायचा असेल तर तोही या टप्प्यावर, धुतल्यानंतर आणि पांढऱ्या गोंदाने चिकटवा. सुपरग्लूची वाफ तकतकीत रंगावर पांढरट धुके सोडते आणि बोटांच्या ठशांवर ती अधिक बसते. अदृश्य ठसे उमटवण्यासाठी हीच वाफ वापरली जाते.

## टप्पा ४: रंग जुळवणे

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्या. टवका भरण्याला काही मिनिटे लागतात. रंग जुळवायला एक संध्याकाळ गेली तरी ती वाया गेली असे समजू नये.

१. बाटलीवरचे नाव पाहून रंग घेऊ नका. खऱ्या विमानाच्या रंगाचे अधिकृत नाव आणि मॉडेल बनवणाऱ्याने वापरलेला रंग यांत फरक असतो, आणि तुम्हाला जुळवायचे आहे ते समोरच्या मॉडेलशी.

२. पांढऱ्यापासून सुरुवात करत असाल तर लक्षात ठेवा की मॉडेलवरचा पांढरा क्वचितच शुद्ध पांढरा असतो. त्यात किंचित राखाडी, पिवळी किंवा निळी झाक असते. शुद्ध पांढऱ्या रंगाचा ठिपका अशा पृष्ठभागावर खडूच्या डागासारखा उठून दिसतो. शुद्ध पांढऱ्याच्या दहा थेंबांत टूथपिकच्या टोकाने इतर रंगाचा अंश मिसळा, पाहा, मग पुढचा अंश मिसळा.

३. गडद रंग नेहमी फिक्यात मिसळायचा, उलट नाही. गडद रंगात फिका मिसळत गेलात तर वाटीभर रंग वाया जाईल आणि छटा हाती लागणार नाही.

४. प्रत्येक मिश्रणाचा ठिपका प्लास्टिकच्या पांढऱ्या चमच्यावर किंवा जाड कार्डाच्या पट्टीवर द्या, शेजारी मिश्रणाचे प्रमाण लिहा आणि पूर्ण वाळू द्या. पाण्याचे अ‍ॅक्रिलिक वाळताना साधारणपणे गडद होते. ओला रंग हुबेहूब जुळला तर वाळल्यावर तो जुळणार नाही, हे धरूनच चालावे.

५. वाळलेली पट्टी मॉडेलला चिकटवून धरा आणि दोन वेगवेगळ्या उजेडांत पाहा: खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात आणि जिथे मॉडेल मांडणार आहात त्या कपाटाच्या दिव्यात. वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनलेल्या दोन छटा एका उजेडात सारख्या आणि दुसऱ्यात वेगळ्या दिसू शकतात. दोन्ही ठिकाणी जुळणे अशक्य झाले तर कपाटातला उजेड प्रमाण माना.

६. फरक उरलाच तर तो गडदपणाच्या बाजूने ठेवायचा की फिकेपणाच्या, हे रंगावर अवलंबून आहे. पांढऱ्यावर किंचित गडद ठिपका सावलीसारखा वाटून नजरेआड होतो. गडद निळ्यावर फिका ठिपका ओरडून जागा दाखवतो. म्हणून शंका असेल तेव्हा मी किंचित गडद बाजू निवडण्याचा सल्ला देतो.

धातूची चमक असलेल्या रंगांना हा क्रम लागू पडत नाही. चंदेरी रंगातले धातूचे बारीक पापुद्रे फवारताना एका प्रकारे पसरतात आणि ब्रशने लावताना दुसऱ्या प्रकारे, त्यामुळे तोच रंग असूनही ठिपका वेगळा चमकतो. चंदेरी विमानावरील लहान टवका तसाच सोडावा. मोठा असेल तर पत्र्याच्या दोन जोडरेषांमधील पूर्ण तुकडा सोडून भोवतालचा भाग टेपने झाकावा आणि तुकडा नव्याने फवारावा किंवा त्यावर मॉडेलसाठीचा अतिपातळ चिकट धातूपत्रा लावावा. खऱ्या विमानांवरही शेजारशेजारच्या पत्र्यांची छटा वेगळी असते, त्यामुळे जोडरेषेवर संपणारा बदल खटकत नाही.

## टप्पा ५: टवका भरणे

१. टवक्याची कड सैल आहे का ते सुईच्या टोकाने हलके तपासा. सुटलेला पोपडा काढून टाका, पण पक्का रंग उचकटू नका. सैल कडेवर नवा रंग दिला तर दोन्ही एकत्र निघतात.

२. धातू उघडा असेल तर टूथपिकच्या टोकाने धातूसाठीच्या प्रायमरचा अगदी पातळ थर फक्त टवक्याच्या तळाला द्या. बरेचसे धातू प्रायमर द्रावकाधारित असतात, म्हणून टवक्याच्या कडेला तो भिडू देऊ नका. बाटलीवर सांगितलेल्या वेळेपर्यंत थांबा.

३. टवका खोल असेल, म्हणजे कड नखाला स्पष्ट लागत असेल, तर पाण्याची पुट्टी टूथपिकने भरा आणि वर राहिलेली लगेच ओल्या कापूसकाडीने सपाट करा. पुट्टी वाळल्यावर आक्रसते. खळगा राहिला तर दुसऱ्यांदा भरा. ती रंगाच्या पातळीपेक्षा जरा खालीच राहिली पाहिजे, कारण वर रंगाचे थर यायचे आहेत.

४. लाल आणि पिवळा हे रंग खालचे झाकण्यात दुबळे असतात. राखाडी तळावर थेट पिवळा दिला तर तो हिरवट दिसतो आणि मग थरावर थर चढवून उंचवटा तयार होतो. अशा वेळी आधी पांढरा आणि त्यावर मूळ छटा, असा क्रम ठेवा.

५. रंग दुधाइतका पातळ करा. ब्रशचे टोक टवक्याच्या मध्यावर टेकवा आणि रंगाचा थेंब सोडा. तो स्वतःच कडेपर्यंत पसरतो. ब्रशने ओढू नका. ओढलेला रंग हटकून कडेवरून चढतो आणि टवक्याभोवती कडे तयार होते.

६. थर वाळून आक्रसला की पुन्हा थेंब द्या. दोन थरांत किमान अर्धा तास, दमट हवेत अधिक वेळ जाऊ द्या. शेवटचा थर भोवतालच्या रंगाच्या केसभर वर राहील इतके थर द्यावे लागतात.

७. रंग बाहेर गेला तर ब्रश खाली ठेवून आधी ओलसर कापूसकाडीने तो पुसून घ्या. "वाळल्यावर खरवडू" हा विचार मनात आणू नका.

तपासणी: पंखाच्या पुढच्या कडेवर आणि नाकाच्या टोकावर रंग आपोआप कडेपासून मागे सरकतो. तिथे एका थेंबाऐवजी टूथपिकच्या बाजूने अनेक पातळ थर द्या आणि प्रत्येक थरानंतर मॉडेल असे आडवे धरा की दुरुस्तीची जागा सर्वांत खाली येईल.

## टप्पा ६: धूळकण, ओघळ आणि धूसर सीमा

कारखान्यातच रंगात अडकलेला धूळकण काढायचा असेल तर आधी त्याच्या जवळच्या सर्व छापील खुणा टेपने झाका. टेप वापरण्यापूर्वी काचेवर दोन-तीनदा चिकटवून तिचा चिकटपणा कमी करा. ताजी टेप छपाई उचलून आणू शकते. मग ३००० क्रमांकाच्या वॉटर पेपरची टिकली पेन्सिलीच्या मागच्या रबराला चिकटवा, साबणाच्या पाण्यात भिजवा आणि फक्त उंचवट्यावर फिरवा. पाच-सहा फेऱ्यांनी थांबा, पुसा, पाहा. पाण्यात रंगाची झाक दिसू लागली म्हणजे मूळ रंग निघू लागला आहे. त्यानंतर बारीक पॉलिशने तकाकी परत आणा.

ओघळाचीही रीत हीच, फक्त त्याच्या जाड टोकापाशी सुरुवातीला २००० क्रमांक चालतो. मात्र पत्र्याच्या जोडरेषा, रिव्हेट आणि दारांच्या उठावदार कडांवर रंग आधीच पातळ असतो. तिथे वॉटर पेपर फिरवला की धातू उघडा पडतो. निस्तेज रंगाच्या लष्करी विमानांवर तर पॉलिशचा विचारही करू नये. तिथे घासलेली जागा चकाकू लागते आणि ती पुन्हा निस्तेज करण्यासाठी क्लिअर द्यावे लागते.

दोन रंगांच्या सीमेवर पसरलेला फवारा घासून काढण्याचा मोह टाळा. दोघांपैकी ज्या रंगाची झाकण्याची ताकद जास्त आहे तो निवडा, सीमेवर टेप लावा, टेपची कड नखाऐवजी कापूसकाडीने दाबा आणि पातळ रंगाचे दोन-तीन थर द्या. रंग पूर्ण वाळण्याआधीच टेप स्वतःवर उलटी दुमडत, लघुकोनात सोडवा.

## टप्पा ७: चुकलेली खूण काढणे

इथून पुढची कृती मागे घेता येत नाही. म्हणून नवी खूण हातात तयार असल्याशिवाय जुनी काढू नका. नवी खूण मापात बसते का ते पाहण्यासाठी तिची कागदी प्रत कापून जागेवर ठेवून पाहा.

खुणेची खात्री करताना त्याच विमानाचे, त्याच काळातले छायाचित्र पाहावे. एकाच प्रकारच्या दोन विमानांत आणि एकाच विमानाच्या दोन रंगसंगतींत खुणा वेगळ्या असतात. "चूक" वाटणाऱ्या काही गोष्टी बरोबर असतात. शेपटीच्या उजव्या बाजूवरचा ध्वज अनेकदा उलटा दिसतो, कारण काठीची बाजू विमानाच्या नाकाकडे ठेवण्याची पद्धत आहे. पंखांच्या टोकांवरील दिव्यांच्या बाबतीत मात्र शंका घेण्याचे कारण नाही: वैमानिकाच्या डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा. समोरून पाहताना बाजू उलटतात आणि इथेच रंगवणाऱ्याची गल्लत होते.

खूण काढण्याचा क्रम सौम्याकडून तीव्राकडे असा आहे. पहिल्यांदा पाण्याने ओलसर केलेली लाकडी टूथपिक खुणेवर कडेपासून आत अशी घासा. काही शाया एवढ्यानेच निघतात. नाही निघाली तर कापूसकाडीच्या टोकाला बारीक पॉलिश लावून हलक्या हाताने फिरवा. तेही पुरले नाही तरच चाचणीत मूळ रंगाने सोसलेले द्रावक वापरा: कापूसकाडी बुडवा, कागदावर जवळजवळ कोरडी होईपर्यंत टिपा, खुणेवर एकदाच फिरवा आणि लगेच दुसऱ्या कोरड्या काडीने पुसा. प्रत्येक फेरीला नवी काडी घ्यायची. तीच काडी पुन्हा वापरली की विरघळलेली शाई पांढऱ्या रंगावर पसरते, आणि काळी किंवा लाल शाई रंगाच्या रंध्रांत एकदा मुरली की ती निघत नाही.

सावधान: मूळ रंगावर पारदर्शक थर असेल तर खूण त्याच्या खाली आहे. ती काढायची म्हणजे तो थर तोडायचा. अशा वेळी खूण न काढता मूळ छटेने झाकणे आणि त्यावर नवी लावणे अधिक सुरक्षित आहे.

## टप्पा ८: नवी खूण लावणे

अक्षरे हाताने रंगवावीत का, याचे उत्तर मापातच आहे. नागरी विमानांच्या धडाच्या बाजूवरील नोंदणी अक्षरांची आंतरराष्ट्रीय किमान उंची ३० सेंटिमीटर आहे. १:२०० प्रमाणात ती १.५ मिलिमीटर आणि १:४०० प्रमाणात ०.७५ मिलिमीटर होते. १:७२ मध्येही ती जेमतेम ४ मिलिमीटर भरते. ५ सेंटिमीटर रुंदीची रेषा १:४०० मध्ये पाव मिलिमीटरचाही अर्धा भाग आहे. ब्रशने हे होणार नाही. पाण्यावर सरकणारे डेकलच वापरावे, म्हणजे पातळ पारदर्शक पापुद्र्यावर आधीच छापलेली आणि भिजवल्यावर कागदावरून सुटणारी खूण. ब्रशने करण्याजोगी कामे म्हणजे दिव्याचा ठिपका, रेषेतली लहान खंड आणि अक्षराची तुटलेली कड. तीही सुईच्या टोकाने.

घरी डेकल छापणार असाल तर दोन मर्यादा आहेत. साधा लेझर प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, त्यामुळे गडद पृष्ठभागावरील पांढरी अक्षरे तयार डेकलमधूनच घ्यावी लागतात. शाईच्या प्रिंटरवर छापलेल्या डेकलवर पाण्यात टाकण्यापूर्वी क्लिअरचे थर द्यावे लागतात, नाहीतर शाई पाण्यात उतरते.

१. जागा तकतकीत हवी. निस्तेज, खडबडीत पृष्ठभागावर डेकलखाली हवा अडकते आणि चंदेरी झाक दिसते. गरज असेल तर आधी तेवढ्या भागाला तकतकीत क्लिअर द्या आणि रात्रभर वाळू द्या.

२. डेकल खुणेच्या शक्य तितके जवळून कापा. चिमट्याने धरून १० ते १५ सेकंद कोमट पाण्यात बुडवा, मग टिपकागदावर मिनिटभर ठेवा. कागदावरून ते पाण्यातच सुटेपर्यंत वाट पाहिली तर पाठीमागचा गोंद धुऊन जातो.

३. सरळ रेष ठरवताना टेबलाचा आधार घेऊ नका. अनेक विमाने चाकांवर उभी असताना नाकाकडे किंचित झुकलेली असतात, त्यामुळे टेबलाला समांतर लावलेले नाव विमानाला तिरके बसते. खिडक्यांची ओळ हा आधार घ्या आणि तिला समांतर अशी टेपची पट्टी खुणेच्या खालच्या कडेला लावून ठेवा.

४. जागेवर पाण्याचा थेंब ठेवा, डेकल कागदावरून थेट त्यावर सरकवा, ओल्या ब्रशने हलवून बसवा. बसल्यावर टिपकागदाच्या कोपऱ्याने एका कडेने पाणी ओढून घ्या.

५. या क्षणी मोबाइलने छायाचित्र काढून मोठे करून पाहा. डोळ्याला न जाणवलेला तिरकेपणा पडद्यावर लगेच कळतो आणि अजून दुरुस्तीला वाव असतो.

६. वक्र भागावर डेकल मऊ करणारे द्रावण अगदी थोडे लावा. डेकलला सुरकुत्या पडतील. घाबरून हात लावू नका, वाळताना त्या बहुधा स्वतःच बसतात. टप्पा ५ मध्ये लावलेला अ‍ॅक्रिलिक रंग जवळ असेल तर हे द्रावण त्यावर जाऊ देऊ नका, कारण ते नव्या रंगालाही मऊ करू शकते.

चंदेरी झाक उरलीच तर दुसऱ्या दिवशी सुईच्या टोकाने तिथे दोन-तीन सूक्ष्म छिद्रे पाडून मऊ करणाऱ्या द्रावणाचा थेंब पुन्हा सोडा.

## टप्पा ९: तकाकी एकसारखी करणे

छटा तंतोतंत जुळूनही दुरुस्ती दिसत असेल तर दोष तकाकीचा असतो. तकतकीत पृष्ठभागावरचा अर्धनिस्तेज ठिपका प्रत्येक कोनातून डोळ्यांत भरतो, छटेतला किंचित फरक मात्र एखाद्याच कोनातून. हे लक्षात न घेता अनेक जण रंग पुन्हा पुन्हा बदलत बसतात.

रंग आणि डेकल किमान २४ तास, पॉलिश करायचे असेल तर आठवडाभर वाळू द्या. मग केसभर वर राहिलेला ठिपका सर्वांत बारीक पॉलिश कापडाने भोवतालच्या पातळीला आणा आणि त्यावर जुळत्या तकाकीचे पाण्याचे क्लिअर ब्रशने फक्त दुरुस्तीपुरते लावा. तकतकीत आणि निस्तेज क्लिअर मिसळून मधली तकाकी साधता येते. तिचीही चाचणी चमच्यावरच घ्यावी. निस्तेज क्लिअर वापरण्यापूर्वी नीट ढवळा, तळाशी बसलेली पूड मिसळली नाही तर ते तकतकीत वाळते.

संपूर्ण मॉडेलवर क्लिअर फवारण्याच्या मी विरोधात आहे. डब्यातील द्रावकाधारित क्लिअरचा एक ओला थर टॅम्पो शाई पसरवायला पुरेसा असतो, आणि खिडक्या व दिव्यांची मूळ वेगळी चमकही एकसारखी होऊन जाते. मोठ्या भागावर फवारण्यावाचून गत्यंतर नसेल तर पाण्याचे क्लिअर निवडा, कोरड्या हवेत काम करा, पहिले दोन थर दुरून आणि जवळजवळ कोरडे द्या आणि मास्क लावून उघड्या खिडकीपाशी बसा.

## टप्पा १०: वाळवणे आणि परत ठेवणे

स्पर्शाला कोरडा झालेला रंग आतून मऊ असतो. मॉडेल धूळ बसणार नाही अशा उलट्या डब्याखाली, दुरुस्तीच्या जागेला काहीही न टेकवता निदान आठवडाभर ठेवा. मूळ खोक्यातल्या प्लास्टिकच्या साच्यात ते त्याआधी बसवले तर साच्याची कड नव्या रंगात उमटते. मऊ व्हिनाइलच्या पिशव्या आणि चटया कायमच्या टाळा. त्यांतला मऊपणा देणारा घटक रंगात उतरून तो चिकट करतो. मॉडेल गुंडाळायचे असेल तर आम्लविरहित पातळ कागद वापरा.

वापरलेल्या मिश्रणाची पट्टी, तिच्यावर लिहिलेले प्रमाण आणि तारीख यांसह मॉडेलच्या खोक्यात ठेवून द्या. त्याच मॉडेलला पुढे दुसरा टवका पडला, तर छटा जुळवायला याच पट्टीपासून सुरुवात करता येते, आणि मॉडेल दुसऱ्याच्या संग्रहात गेले तर कोणत्या जागेला हात लागला आहे हे त्यालाही कळते.